सांख्यिकीची प्राध्यापकी : नागपुरात राहून ही वाट धरावी का?

अंबाझरीकर

एम.एस्सी. सांख्यिकीच्या शेवटच्या वर्षातली मुलं दरवर्षी एकच गोष्ट विचारतात. पुण्या-बंगळूरला जाऊन डेटाची नोकरी धरावी, की इथंच राहून नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), पीएच.डी. करून शिकवायला लागावं? प्रत्येकाला फोनवर अर्धमुर्धं सांगण्यापेक्षा इथं नीट लिहितो. माझं शिक्षण अमरावती रोडच्या कॅम्पसमध्ये झालं, नोकरीही नागपुरातच झाली, आता निवृत्त आहे. बाकीच्यांनी आपापल्या बाजूनं भर घालावी.

कागदावरची वाट आधी सांगतो, ती लवकर संपते.

सांख्यिकीला स्वतंत्र नेट नाही. सीएसआयआरच्या ‘मॅथेमॅटिकल सायन्सेस’च्या पेपरातच आपला विषय येतो, राज्याच्या सेटचंही तसंच. पेपर २०० गुणांचा, वेळ तीन तास. ‘क’ भागात २० प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी ४.७५ गुण. एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे ओळखले तरच गुण मिळतात. आपली मुलं अडतात ती रिअल अॅनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रात. बी.एस्सी.ला हे विषय पास होण्यापुरते केलेले असतात आणि नेटला तेच समोर उभे राहतात. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफला, म्हणजे तिच्याच वरच्या टप्प्याला, ४२,००० मिळतात. पीएच.डी.चा काळ घरच्यांकडे हात न पसरता निघतो, हे लहान सुख नाही.

१ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी.ची सक्ती राहिली नाही, नेट किंवा सेट पुरतं. मात्र मुलाखतीला बाहेर बसलेल्या उमेदवारांत पीएच.डी. झालेले बरेच असतात, हे लक्षात ठेवा.

कायम झालात की लेव्हल १०, मूळ वेतन ५७,७०० पासून. पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी लेव्हल ११, मग पाच वर्षांनी १२, मग तीन वर्षांनी सहयोगी प्राध्यापक (मूळ वेतन १,३१,४००) आणि आणखी तीन वर्षांनी प्राध्यापक (१,४४,२००). म्हणजे रिफ्रेशर कोर्स, शोधनिबंध, कॅसची (बढतीच्या योजनेची) समिती हे सगळं वेळेवर झालं तर पंधरा वर्षं. पस्तिशीत कायम झालेला माणूस पन्नाशीला प्राध्यापक होतो आणि साठीला निवृत्त.

आता जे या तक्त्यात दिसत नाही ते.

विद्यापीठातल्या सांख्यिकीच्या माणसाचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या संशोधनात जातं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. ते झालं की दारात कोणीतरी उभं असतं. फार्मसीचा मुलगा, गृहविज्ञानाची मुलगी, मेडिकलचा पी.जी., कधी मराठी विभागातला एखादा, ज्याने गावोगावी फिरून प्रश्नावल्या भरून आणल्या आहेत. सगळ्यांच्या हातात एक्सेलची फाइल आणि तोंडी एकच वाक्य : ‘सर, जरा अॅनालिसिस करून द्या.’

फाइल उघडली की खरं काम सुरू होतं. प्रत्येक गटात सहा उंदीर, प्रत्येकाचं पाच वेळा मोजमाप, आणि विद्यार्थ्याने गटाचा नमुना ३० धरलेला असतो. हे ३० नाहीत, सहाच आहेत. एकाच उंदराची पाच मोजमापं एकमेकांना धरून असतात. ती स्वतंत्र मानली की अंदाजातली चूक खऱ्याहून लहान दिसते आणि औषध चालतं असा निष्कर्ष फुकटात हाती येतो. दुसरा विद्यार्थी सहा गट घेऊन येतो आणि प्रत्येक जोडीला टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना) लावतो. जोड्या होतात १५. औषधात काहीच दम नसला आणि या चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तरी ५ टक्क्यांच्या पातळीवर एखादी तरी ‘लक्षणीय’, म्हणजे फरक खरा आहे असं दाखवणारी, निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, साधारण ५४ टक्के.

१९३८ साली कलकत्त्याच्या पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेत सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर अध्यक्ष होते. प्रयोग संपल्यावर सांख्यिकीतज्ज्ञाला विचारणं म्हणजे बहुतेक वेळा त्याला शवविच्छेदन करायला लावणं, प्रयोग कशानं मेला एवढंच तो सांगू शकेल, असं त्यांनी तिथं सांगितलं. इतकी वर्षं उलटली तरी आपल्या विद्यापीठांतल्या सांख्यिकीवाल्यांकडे बहुतेक शवंच येतात. हे मला मनापासून खटकतं.

त्याहून जास्त खटकतं ते या कामाच्या मोजणीचं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विज्ञान शाखेच्या शोधनिबंधाला मूळ ८ गुण आहेत. दोनहून जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. ज्याने प्रयोगाची आखणी सावरली, चुकीचा निष्कर्ष छापण्यापासून वाचवला, तो सांख्यिकीवाला कायम मधला लेखक असतो. त्याच्या वाट्याला २.४ गुण. आणि बहुतेक वेळा लेखकांत नावही नसतं, आभारात एक ओळ असते. ज्या माणसानं ‘हा प्रयोग असा करू नका’ म्हणून सहा महिने वाचवले, त्याला कुठल्याच रकान्यात जागा नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. ज्याला दुसऱ्याच्या विषयातला प्रश्न समजून घ्यायला मनापासून आवडतं, त्यानं ही वाट नक्की धरावी, नागपुरात तर जरूर धरावी. ज्याला फक्त प्रमेयं आवडतात त्यानंही यावं, पण कुठं यावं ते नीट बघून. आणि ज्याला फक्त कायम नोकरी हवी आहे, त्याला मी ही वाट सुचवणार नाही.

गोंदियाची_रेवा

सर, धागा सेव्ह केला. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलला राहते. घरचे म्हणतात, दोन वर्षं नेटसाठी बसायचं आणि नाही निघाली तर काय? वर्गातल्या तिघी-चौघींनी आत्ताच पायथन, एसक्यूएलचे क्लास लावलेत. मला शिकवायला आवडतं, सिनियर म्हणून ज्युनियरचे डाऊट सोडवते तेव्हा वेळ कसा जातो कळत नाही. पण सीएचबीबद्दल, म्हणजे तासिकेवरच्या नोकरीबद्दल, जे ऐकते त्याची भीती वाटते. तुम्ही त्यावर काहीच लिहिलं नाही.

तासिकेवरचा_मास्तर

रेवा, ते मी लिहितो, कारण मी तेच जगून राहिलो.

सीएचबी म्हणजे जितके तास घेतले तितक्याचेच पैसे. परीक्षेच्या काळात तास नाहीत, पैसे नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर विषयच नाही. दर सत्राला नवी ऑर्डर, ती यायला उशीर, बिलं निघायला त्याहून उशीर. मी ज्या महाविद्यालयात आहे तिथं दिवाळी येते तरी जुलैचे पैसे आलेले नसतात. नाव लिहीत नाही, तिथंच उद्या तास आहे. यूजीसीनं २०१९ ला अतिथी व्याख्यात्यांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. ती रक्कम मी कागदावरच वाचली.

स्टॅटची अडचण वेगळी आहे भाऊ. केमिस्ट्रीची पोरं शेकड्यानं असतात, एका कॉलेजात चार-पाच जागा असतात. स्टॅट घेणारे एका बॅचला पंधरा-वीस. वर्कलोडच एका माणसाचा भरतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी विभाग म्हणजे एकच माणूस. तो रिटायर झाला आणि पद भरलं गेलं नाही, की विभाग सीएचबीवर. मग विद्यार्थी कमी होतात, कारण कायमचे सर नाहीत. आणि विद्यार्थी कमी म्हणून पद मिळत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर आलं तेव्हा आशा होती की कॉमर्स, मानसशास्त्र, जीवशास्त्रवाली पोरं मायनर म्हणून स्टॅट घेतील. काही घेऊनही राहिलीत. पण जागा वाढवायला वर्कलोडचं प्रमाणपत्र, एनओसी, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची यादी), जाहिरात अशी रांग आहे.

तरी मी सोडलं नाही. मागच्या बॅचमधली एक पोरगी, बाप ऑटो चालवतो, तिला बायनॉमियल वितरणावरून नॉर्मल वितरणाला कसं जायचं ते फळ्यावर करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः पॉयसनचं करून घेऊन आली. सर, मला हे सोडवत नाही. पण रेवाला खोटं चित्र दाखवू नका एवढंच.

पुणेस्थित_वैदर्भीय

अंबाझरीकर सर, आदर ठेवून असहमत. मी नागपूरहूनच एम.एस्सी. केलं, आता पुण्यात एका बँकेसाठी कर्जजोखमीची मॉडेलं करतो. सांख्यिकीचा प्राण विद्यापीठातच आहे असा सूर तुमच्या लेखनात येतो, तो मला पटत नाही. मी रोज लॉजिस्टिक रिग्रेशन लावतो, नमुन्यात कोण सुटलं याचा विचार करतो. कर्ज ज्यांना नाकारलं त्यांनी ते फेडलं असतं की नाही, हे आपल्याला कधीच कळत नाही. हा निवडीतला पक्षपात कसा भरून काढायचा, यावर आमच्या टीमनं बरेच महिने घालवलेत. हीही सांख्यिकीच आहे, आणि पगार वेळेवर येतो.

तासिकेवरच्या मास्तरांचं वाचून वाईट वाटलं. हुशार माणसाला तिशी अशी काढायला लावणाऱ्या व्यवस्थेत मी कोणत्याही मुलीला ‘ये’ म्हणणार नाही.

डॉ_मेडिकल_चौक

एका डॉक्टरची साक्ष घ्या. एम.डी.च्या प्रबंधासाठी मी नमुन्याचा आकार काढला होता. सूत्र सगळ्यांनाच पाठ : चार पी क्यू भागिले डी वर्ग. पी म्हणजे आजाराचं अपेक्षित प्रमाण, ते १० टक्के, आणि क्यू म्हणजे उरलेले ९०. डी म्हणजे चालण्याजोगी चूक, तीही सिनॉप्सिसमध्ये (प्रबंधाच्या आराखड्यात) ‘१० टक्के’ लिहिली. उत्तर आलं ३६. मला आनंदच झाला, ३६ रुग्ण तर एका महिन्यात होतात.

सामाजिक वैद्यकशास्त्रातल्या सांख्यिकीच्या सरांनी विचारलं, ‘ही १० टक्के कशाची?’ १० टक्के बिंदू धरले, तर उत्तर ० ते २० टक्के यांत कुठंही असू शकतं. अशा अभ्यासाचा उपयोग काय? आणि पी च्या १० टक्के म्हणजे एक टक्का बिंदू धरला, तर तेच सूत्र ३,६०० रुग्ण मागतं. ३६ आणि ३,६०० एकाच ओळीतून निघतात! शेवटी सरांनी मला बसवून ठरवायला लावलं की या आजाराबद्दल किती अचूक उत्तर मिळालं तर वॉर्डात काही बदलेल. ५ टक्के बिंदूंवर १४४ निघाले, गळती धरून थोडे जास्त घेतले. तो अर्धा तास माझ्या पूर्ण एम.डी.तला सर्वांत मोलाचा होता. प्रबंधात त्यांचं नाव आभारात आहे. आता वाटतं, लेखकांत हवं होतं.

वर्धारोडचा_शेतकी

वाह डॉक्टरसाहेब.

माझं आयुष्य कापसाच्या प्रयोगांत गेलं. महाराजबागेच्या कृषी महाविद्यालयात पहिल्यांदा प्लॉट आखायला शिकलो. उताराचं वावर असतं, वर बरड, खाली काळी. वरच्या बाजूला एक वाण आणि खालच्या बाजूला दुसरा लावला तर वाण जिंकला की माती, कोण सांगणार? म्हणून वावराचे उताराला आडवे पट्टे करायचे आणि प्रत्येक पट्ट्यात सगळे वाण चिठ्ठ्या टाकून लावायचे. फिशरनं रॉथॅमस्टेडला बसून हे मांडलं, आणि आपल्याकडं ते शेतापर्यंत आणलं व्ही. जी. पानसे आणि पी. व्ही. सुखात्मे यांनी. पानसे इंदूरला कापसावरच काम करायचे. सुखात्मे साताऱ्याकडच्या बुध गावचे, लंडनला पीएच.डी., पुढं जागतिक अन्न व कृषी संघटनेत. दोघांचं १९५४ सालचं पुस्तक आमच्या पिढीनं पानं सुटेपर्यंत वापरलं.

तरुण मंडळींना एक गोष्ट माहीत असायला हवी, कारण ती आजही शेतकऱ्याच्या खिशापर्यंत येते. पीककापणी प्रयोगात, म्हणजे वावरातला तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज काढताना, किती मोठा तुकडा कापायचा यावर १९४० च्या दशकात मोठा वाद झाला. सांख्यिकीतज्ज्ञ महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे : कमी खर्च, जास्त ठिकाणं. सुखात्मे म्हणाले, लहान तुकड्यात काठाचा वाटा मोठा असतो, काठावरची झाडं आत धरण्याकडं माणसाचा कल असतो, म्हणून उत्पादन फुगतं. १९४६ साली त्यांनी हे आकड्यांनिशी छापलं.

आता हेच पीकविम्याला लावा. भरपाई निघते उंबरठा उत्पादन (विम्यासाठी आधी ठरवलेली पातळी) आणि प्रत्यक्ष उत्पादन यांच्या फरकावर. समजा उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आणि खरं उत्पादन ७, तर तूट ३० टक्के. कापणीच्या पद्धतीनं ते ८ दाखवलं तर तूट २० टक्के. एका क्विंटलच्या फुगवट्यानं महसूल मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाची एक तृतीयांश भरपाई गेली! कापसात तर आणखी गुंता : एकच कापणी नसते, वेचे तीन-चार होतात. ठरलेल्या तुकड्यातला प्रत्येक वेचा वेगळा तोलायचा असतो. एक वेचा शेतकऱ्यानं आधीच घरी नेला असेल तर आकडा उलट्या बाजूला जातो.

हे शिकवणारा माणूस विद्यापीठात नसेल तर हे पाहणारी पोरं कुठून येणार? पुण्याच्या भावाला एवढंच विचारतो.

सिव्हिल_लाइन्स

दोन वाटांवरच चर्चा चालली आहे, तिसरी मी सांगतो. भारतीय सांख्यिकी सेवा, आयएसएस. १९६१ पासूनची सेवा, परीक्षा यूपीएससी घेते, वय २१ ते ३०. सामान्य इंग्रजी आणि सामान्य अध्ययन प्रत्येकी १०० गुणांचे, सांख्यिकीचे चार पेपर प्रत्येकी २०० गुणांचे, मुलाखत २००. सांख्यिकीचे पहिले दोन पेपर वस्तुनिष्ठ, पुढचे दोन वर्णनात्मक. नेटचा सांख्यिकीचा भाग आणि हा अभ्यासक्रम बराच एकमेकांत मिसळलेला आहे. पुण्या-दिल्लीकडची मुलं दोन्ही एकत्र करतात, आपल्याकडं माहितीच नसते.

आणि नागपूरला या क्षेत्रात कमी समजू नका. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या मोजक्या डेटा प्रक्रिया केंद्रांपैकी एक इथं आहे. देशाची खनिज आकडेवारी जमवणाऱ्या भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय इथं, इंदिरा भवनात. कापूस संशोधन, मृदा सर्वेक्षण, पर्यावरण संशोधनाची नीरी, सगळं एका शहरात. एम.एस्सी.च्या मुलांनी प्रोजेक्टसाठी इंटरनेटवरून तीच ती फुलांची डेटाफाइल उतरवण्यापेक्षा या संस्थांची दारं ठोठवावीत.

पुणेस्थित_वैदर्भीय

शेतकी काका, तुमचा मुद्दा मान्य. काठाच्या झाडांचं मला माहीत नव्हतं. पण माझा मूळ प्रश्न उभाच आहे : असा माणूस विद्यापीठात टिकेल अशी सोय कुठं आहे? आणि खरं सांगा, नागपुरात राहून या विषयात जागतिक पातळीचं काम होतं का?

अंबाझरीकर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर देताना मला अभिमान वाटतो.

शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९१७, सागरचा. पदवीचं शिक्षण नागपूरच्या सायन्स कॉलेजात, आज आपण जिला विज्ञान संस्था म्हणतो तिथं. पुढं अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाला राजचंद्र बोस यांच्याकडं १९५० साली पीएच.डी. शेतकी भाऊंनी पट्ट्यांची आखणी सांगितली. त्याच्या पुढची पायरी लॅटिन चौरस : दोन दिशांनी माती बदलत असेल तर प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या रांगेत प्रत्येक वाण एकदाच. असे दोन चौरस एकमेकांवर ठेवले आणि प्रत्येक जोडी नेमकी एकदाच आली तर ते परस्पर लंबकोनी. ऑयलरनं १७८२ साली अंदाज मांडला की ६, १०, १४, १८ अशा आकारांचे असे जोडचौरस असूच शकत नाहीत. ६ बाबत तो बरोबर होता, टॅरीनं १९०० च्या सुमारास सगळे पर्याय तपासून ते दाखवलं. बाकीचं १७७ वर्षं कोणालाच हललं नाही. १९५९ साली बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी दाखवलं की ६ नंतरच्या अशा प्रत्येक आकारासाठी ऑयलर चुकला. न्यूयॉर्क टाइम्सनं ती बातमी पहिल्या पानावर घेतली. श्रीखंडे पुढं मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे संस्थापक प्रमुख झाले आणि २०२० साली वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. आलेख सिद्धान्तात १६ बिंदूंचा एक आलेख त्यांच्या नावानं ओळखला जातो. आपल्या किती विद्यार्थ्यांना हे माहीत आहे? विज्ञान संस्थेच्या फाटकातून रोज आत जाणाऱ्या मुलांना हे नाव पहिल्याच तासाला कळायला हवं.

ते नागपुरात राहून झालं नाही, हे तुम्ही म्हणाल आणि ते खरं आहे. नागपुरात पाया पडला, बाहेर घडले. मुलांनी बाहेर जरूर जावं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत जावं, पुण्यात हुजूरबाजारांनी १९५३ साली उभारलेल्या विभागात जावं. माझी तळमळ एवढीच की परतावंसं वाटलं तर इथं जागा असावी.

आता पहिला प्रश्न, टिकण्याच्या सोयीचा. मास्तर, तुमची एकही ओळ मला खोडता येत नाही. पदं भरणं सरकारच्या हातात आहे, त्यासाठी प्राध्यापक संघटना भांडताहेत, भांडलंच पाहिजे. पण एक गोष्ट विद्यापीठ आपल्या पातळीवर आजही करू शकतं. प्रत्येक पीएच.डी.च्या संशोधन सल्लागार समितीत, जिथं आकडेवारी आहे तिथं, सांख्यिकीचा एक सदस्य सिनॉप्सिसच्या वेळीच बसवायचा. त्याला त्या बैठकीचं मानधन द्यायचं, सीएचबीवर असला तरी. तीन फायदे होतात. प्रयोग मरायच्या आधी कोणीतरी बघतो. मास्तरांसारख्या माणसाला सुट्टीतही कामाचे पैसे मिळतात. आणि या कामाची नोंद राहते, उद्या कोणी मोजायचं म्हटलं तर मोजता येतं. सल्लासेवेला नियमावलीत ३ गुण आहेत, पण ती रीतसर कागदावर आलेली लागते. फुकट दिलेला सल्ला रीतसर नसतो.

धरमपेठच्या_मॅडम

सल्लागार समितीच्या मुद्द्याला +१.

रेवा, तुला बाई म्हणून दोन गोष्टी सांगते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ची मुदत सहा वर्षं आहे. पुनर्नोंदणीवर जास्तीत जास्त दोन वर्षं वाढतात, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. पीएच.डी.च्या पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजाही आहे. माझ्या वेळी हे नव्हतं. बाळ सासूबाईंकडं ठेवून मी प्रकरणं लिहिली. तुला विचारायची लाज वाटायला नको, नियमच आहे, गाईडना पहिल्याच दिवशी माहीत असू दे.

दुसरं, गाईड निवडताना त्यांच्याकडं किती जागा रिकाम्या आहेत हे आधी विचार. सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठ अशीच मर्यादा आहे. सांख्यिकीचे मान्यताप्राप्त गाईड आपल्याकडं मुळात कमी, त्यामुळं पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) उत्तीर्ण होऊनही जागेसाठी थांबावं लागतं. आणि विषय गाईडच्या सोयीचा घेऊ नकोस, तुझ्या आवडीचा घे. पाच-सहा वर्षं त्याच्यासोबत राहायचं आहे.

फार्मसी_लॅब

वर उंदरांचं उदाहरण आलं. आमच्याकडं अगदी तसंच झालं होतं. मिक्स्ड मॉडेल (एकाच प्राण्याची मोजमापं एकमेकांना धरून आहेत हे लक्षात घेणारी पद्धत) लावल्यावर आमचा निकाल लक्षणीय राहिला नाही. त्या दिवशी मी रडले. पुढच्या वर्षी गटात प्राणी वाढवून, आखणी आधी तपासून घेऊन प्रयोग पुन्हा केला. जो परिणाम मिळाला तो लहान होता, पण तो खरा होता, आणि परीक्षकांच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं. ज्या मॅडमनी हे दाखवून दिलं त्या तेव्हा तासिकेवर होत्या. आज त्या कुठल्या महाविद्यालयात आहेत की शिकवणं सोडून गेल्या, मला माहीत नाही. शोधते आहे.

तासिकेवरचा_मास्तर

अंबाझरीकर सर, समितीचा मुद्दा मी लिहून काढतो. अभ्यास मंडळावर माझे एक जुने सर आहेत, त्यांच्यामार्फत ठेवता येईल. तुम्ही मसुदा बघाल का? आणि डॉक्टरसाहेब, तुमचं ३६ आणि ३,६०० चं उदाहरण त्यात घालू का? कोणालाही पटकन कळेल असं आहे ते.

डॉ_मेडिकल_चौक

बिनधास्त घाला. सही लागली तर तीही देतो.

अंबाझरीकर

पाठवा मास्तर, रात्री बसतो त्यावर. मानधनाची रक्कम मोकळी सोडू नका, आकडा लिहा. मोकळी जागा सोडली की प्रस्ताव वित्त विभागात अडकतो.

गोंदियाची_रेवा

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. घरी बाबांनाही वाचून दाखवलं. त्यांनी सर्वांत आधी शेतकी काकांचा विम्याचा हिशोब पुन्हा वाचायला लावला, कारण आमच्याकडं धान आहे आणि मागच्या वर्षीची भरपाई त्यांना अजून समजलेली नाही.

ठरवलं असं : डिसेंबरची नेट आणि पुढची आयएसएस दोन्ही देते, अभ्यास बराचसा एकच आहे. रिअल अॅनालिसिस आजपासून सुरू. जेआरएफ निघाली तर पीएच.डी., नाही निघाली तर एक वर्ष नोकरी करून पुन्हा बसेन, तासिकेवर लगेच जाणार नाही. पुण्याच्या दादांचं तेवढं ऐकलं.

शेतकी काका, एम.एस्सी.चा प्रोजेक्ट अजून ठरायचा आहे. धानाच्या पीककापणी प्रयोगांत काठाच्या झाडांचा परिणाम मोजायचा असेल तर एकाच वावरात लहान तुकडा आणि त्याला वेढणारा मोठा तुकडा, असे दोन्ही कापून चालेल का? की वेगवेगळी वावरं घ्यावी लागतील?

वर्धारोडचा_शेतकी

एकाच वावरात घे पोरी, म्हणजे मातीचा फरक निघून जातो आणि जोडीनं तुलना करता येते. लहान तुकडा मोठ्याच्या आत, पण आधी लहान काप, वेगळा तोल, मग उरलेला काप. तुकडा कुठं आखायचा ते यादृच्छिक आकड्यांनी ठरव, शेतकऱ्यानं दाखवलेल्या जागी नको, तो चांगलंच धान दाखवतो. आणि काठावरचं झाड आत की बाहेर, याचा नियम वावरात पाय ठेवायच्या आधी लिहून ठेव. किती वावरं लागतील ते अंबाझरीकर सरांना विचार, पण कापणीच्या आधी विचार. बाबांचा नंबर मला मेसेजमध्ये पाठव, त्यांच्या भरपाईचा कागद बघतो.